बांबूच्या बाणांना रॅप आणि चमकणारी पट्टी : कामाच्या नोंदी

शाळेतल्या मुलांसाठी आणि स्वतःसाठी बांबूचे बाण मी घरीच करतो. आजवर शेपटाकडचा भाग ब्रशने रंगवायचो. यंदा रंगाऐवजी व्हिनाइलचे रॅप, म्हणजे काडीभोवती गुंडाळायचे चिकट तुकडे, चढवायचे आणि त्यासोबत अंधारात बॅटरीच्या उजेडाने चमकणारी पट्टी बसवायची, असं ठरवलं. आमचं मैदान म्हणजे अंबाजोगाईजवळचा बालाघाटाचा माळ. दिवाळीनंतर तिथलं कुसळी गवत गुडघ्याएवढं वाळून उभं असतं. शाळा सुटून मुलं येईपर्यंत पाच वाजतात, आणि सहाच्या पुढे दिसेनासं होतं. बटाच्या, म्हणजे नेम धरायच्या थप्प्याच्या, बाजूने निसटलेला बाण गवताच्या बुडातून सरपटत जातो आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. काडी, तीन टर्कीची पिसं, पॉइंट (पुढचं टोक), नॉक (शेपटाची, दोरीत अडकणारी खाचेची टोपी), डिंक-लॅकर धरून एका बाणाला दीडशे रुपये पडतात, आणि काडी सरळ करायला लागलेला वेळ वेगळाच. गावाकडच्या पोरांना हा खर्च लहान नाही.

खाली मापं, वजनं आणि पैसे जसेच्या तसे लिहितो. ज्यांना असंच काम करायचं आहे त्यांनी माझे वाया गेलेले दिवस वाचवावेत.

९ नोव्हेंबर २०२४

दोन डझन काड्या निवडल्या. लांबी २९ इंच. शेपटाकडे जाडी ८.४ मिलिमीटरच्या आसपास, पुढे थोडी वाढत जाते. बांबू कारखान्यातून आलेला नसतो, त्यामुळे प्रत्येक काडीचं माप वेगळं. व्हर्नियरने प्रत्येकीचं शेपूट मोजून काडीवरच पेन्सिलने लिहिलं. पुढे या आकड्यांचा फार उपयोग झाला, म्हणून ही पायरी गाळू नका.

पॉइंट १२५ ग्रेनचे. पूर्ण तयार बाण, रॅपशिवाय, साधारण ४८० ग्रेन, म्हणजे ३१ ग्रॅमच्या जवळ. तोल नॉकच्या खाचेपासून १७.५ इंचांवर.

१२ नोव्हेंबर

रेडियमच्या दुकानात गेलो. विधानसभेचं मतदान २० तारखेला, त्यामुळे दुकानात पक्षांच्या स्टिकरचे गठ्ठे, आणि मशीन आठवडाभर मोकळं नाही. तोवर हाताने कापून बघावं म्हणून उसाच्या ट्रॉलीला लावतात ती लाल-पांढरी पट्टी घेतली. ९० रुपये. सध्या गाळप सुरू होत असल्याने ती प्रत्येक दुकानात टांगलेली आहे. दुकानातला पोरगा म्हणाला, "सर, हे ट्रॉलीचं हाय. बाणाला लै जाड व्हईल बगा."

तसंच झालं. ही पट्टी सपाट पत्र्यासाठी असते. तिच्या आत बारीक त्रिकोणी लोलकांची जाळी आणि वर कडक थर. आठ मिलिमीटरच्या काडीवर गुंडाळली की बसते, पण दाबून धरलेला अंगठा उचलला की कड हळूहळू वर येते. रात्रभर दोऱ्याने बांधून ठेवली. सकाळी दोरा सोडला, दुपारपर्यंत शिवण तीन मिलिमीटर उघडलेली. हेअर ड्रायरने गरम करून पाहिलं, तर वरचा थर पांढुरका पडला आणि चमक गेली. ट्रॉलीची पट्टी या कामाची नाही, त्यात पैसे घालू नका.

दुकानात मागताना एक सांभाळा. तिकडे साध्या रंगीत व्हिनाइललाही रेडियमच म्हणतात. भडक पोपटी किंवा नारिंगी शीट उन्हात उठून दिसते, पण बॅटरीच्या उजेडात परत चमकत नाही. मोबाइलचा दिवा डोळ्याजवळ धरून शीट तपासा आणि मगच कापून घ्या.

२४ नोव्हेंबर

मशीन मोकळं झालं. नंबरप्लेटला आणि रस्त्याच्या पाट्यांना वापरतात ती काचमण्यांची चमकणारी शीट मिळाली, १२० रुपये फूट. दोन फूट घेतली. ही पातळ आहे, काडीवर वळते आणि उघडत नाही. सात इंच लांबीचा पूर्ण रॅप तिचाच केला. दिसायला सुंदर, चांदीसारखा.

मग सोनाराकडे नेऊन काट्यावर ठेवला. एक रॅप दीड ग्रॅम. ग्रेनमध्ये २३. सोनारकाका म्हणाले, "एवढ्याशा कागदाचं वजन कशाला?" पण बाणाच्या शेपटाला हे वजन फार होतं.

हिशोब असा. २३ ग्रेन शेपटाकडे आल्याने तोल १७.५ वरून १६.९ इंचांवर सरकला. बाणाच्या मध्यापासून तोल किती टक्के पुढे आहे याला आम्ही एफओसी म्हणतो. तो १०.३ वरून ८.३ वर आला. शिवाय मागचं वजन वाढलं की सुटताना काडी जास्त ताठ वागते. ३० मीटरवर उजव्या हाताने सोडलेले हे बाण, नेहमी जिथे सगळे एकत्र पडतात त्या गटाच्या डावीकडे आणि खाली गेले. मोठा पोरगा असो की लहान, सगळ्यांचे तसेच.

पॉइंट जड करून तोल परत आणता येतो, पण त्यासाठी साधारण २६ ग्रेन पुढे वाढवावे लागतात. मग अख्खा बाण ५३० ग्रेनचा होतो. माझ्या धनुष्याला तो चालेल. पंचवीस पौंड ताणाच्या बांबूच्या धनुष्याने नेम धरणाऱ्या सातवीतल्या मुलीला चालणार नाही. तिचा बाण आधीच कमानीसारखा वर जाऊन खाली येतो, त्यात आणखी भर नको.

म्हणून पूर्ण चमकणारा रॅप बाद. चमक पट्टीपुरतीच ठेवायची आणि बाकी रॅप शक्य तितका पातळ.

१ डिसेंबर

वाया गेलेला आठवडा. कारण पॉलिश.

काड्यांना आमच्या सुतारमामांनी नेहमीप्रमाणे चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश मारून दिलं होतं. रॅप चढवण्याआधी तेलकट बोटांचे डाग जावेत म्हणून मी स्पिरिटने पुसलं. लाख विरघळते स्पिरिटमध्येच. वरचा थर चिकट झाला, फडक्याचे धागे त्याला लागले, आणि त्यावर चढवलेले रॅप दुसऱ्या दिवशी बोटाने फिरवले तर गोल फिरायला लागले. चार काड्या खरवडून पुन्हा लाकडापर्यंत आणाव्या लागल्या.

दोन काड्यांना जवसाचं तेल दिलं होतं. त्यांच्यावर तर रॅप धरलाच नाही. तेल आत मुरलं तरी बरेच दिवस पृष्ठभागावर येत राहतं आणि गोंद त्याच्यावर तरंगतो.

आता जे करतो ते असं. बांबूची वरची मेणचट साल २२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवायची. एनसी सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लॅकरचे) दोन पातळ हात द्यायचे. वाळल्यावर ४०० नंबरने हलका हात. मग आठ दिवस हात लावायचा नाही. हाताला कोरडा लागतो म्हणून दुसऱ्या दिवशीच रॅप चढवला तर आतली थिनरची वाफ बाहेर यायला बघते आणि रॅपखाली बारीक फोड उठतात. रॅपच्या आधी साबणाच्या पाण्याचं ओलसर फडकं, मग कोरडं फडकं. स्पिरिट नाही. लाखेचं पॉलिश हवंच असेल तर ते रॅपच्या पुढच्या भागाला द्या, शेपटाला नको.

८ डिसेंबर

व्हिनाइल दोन प्रकारचं घेतलं. स्वस्तातलं ८० रुपयांचं आणि कास्ट व्हिनाइल ११० रुपये फूट. कास्ट खूप पातळ, साधारण निम्म्या जाडीचं, आणि गाठीवर-उतारावर नीट बसतं. पाच इंचांचा कास्ट रॅप ०.३५ ग्रॅम भरला. दोन्ही लावून ठेवलेत, उन्हाळ्यात कोण टिकतं ते बघायचं.

लांबी सातवरून पाच इंच केली. पिसं चार इंचांची आहेत, त्यांच्यापुढे थोडी जागा उरली की पुरे. बांबूची काडी स्वतः देखणी असते, ती झाकून ठेवायची काही गरज नाही.

आता उताराची अडचण. चौकोनी तुकडा कापून गुंडाळला तर मागे शिवण छान दोन मिलिमीटर एकमेकांवर येते आणि पुढे जेमतेम एकावर एक टेकते. कारण माझ्या काडीची जाडी शेपटाला ८.४ आणि पाच इंच पुढे ८.८ मिलिमीटर. घेर झाला २६.४ आणि २७.६. दोन मिलिमीटर चढ धरला तर तुकडा एका टोकाला २८.४ आणि दुसऱ्या टोकाला २९.६ मिलिमीटर रुंद हवा. म्हणजे थोडा निमुळता. फरक सव्वा मिलिमीटरचा, पण याच फरकाने शिवण उघडते. काड्यांचे जाडीप्रमाणे दोन गट केले आणि दोनच मापं दुकानात दिली. प्रत्येक काडीसाठी वेगळं माप दिलं तर कटिंगवाला वैतागतो आणि तुकडे आपल्याच हातात सरमिसळ होतात.

गाठीचं. शेपटाकडच्या साडेपाच इंचांत गाठ येत असेल तर ती काडी उलटी वापरता येते का बघा, पण मग जाड बाजू मागे जाते. मी तशा काड्या बाजूला काढल्या. गाठ कानशीने कितीही सपाट केली तरी तिच्या दोन्ही बाजूंना रॅपखाली हवा राहते, आणि तिथलं पीस पहिल्यांदा सुटतं.

गुंडाळायची पद्धत: टेबलावर माउस पॅड. त्यावर रॅप, गोंदाची बाजू वर. काडी रॅपच्या कडेला समांतर धरून एकदाच टेकवायची आणि तळहाताने दाबत एका दमात पुढे लोटायची. मधे थांबून काडी उचलली की तिथे सुरकुती पडते. माउस पॅडऐवजी कडक टेबलावर केलं तर बांबूच्या उंचसखल भागाला दाब सारखा लागत नाही. वाकडा बसला तर लगेच, पाच मिनिटांच्या आत, सोडवून घ्या. कास्ट व्हिनाइल एवढं सहन करतं. चमकणारी शीट मात्र सोडवताना तुटते.

१५ डिसेंबर

नक्षी. या कामात माझा जीव खरा इथेच होता.

पैठण आमच्या मराठवाड्यातलं, मग बाणावर पैठणीचा काठ का नसावा? आधी मुनिया, म्हणजे पैठणीवरचा पोपट, छापून घेतला. बारा बाय अठरा इंचांची शीट, वर लॅमिनेशन, १४० रुपये. स्क्रीनवर अप्रतिम दिसत होता. काडीवर चढवल्यावर चोच एका बाजूला आणि शेपूट दुसऱ्या बाजूला गेलं. आठ मिलिमीटरच्या गोल काडीचा एका वेळी डोळ्यांपुढे येणारा भाग म्हणजे आठ मिलिमीटरची पट्टी, आणि तिच्याही कडा वळून गेलेल्या. हातभर अंतरावरून नुसता हिरवा डाग. चित्र म्हणून जे काही असेल ते या जागेत मावत नाही.

नारळी काठ मात्र जमला. त्याची त्रिकोणी टोकं एकसारखी परत परत येतात, बाण बोटांत फिरवला की काठ फिरत राहतो. पण शिवणीवर अर्धा त्रिकोण अर्ध्या त्रिकोणाला भिडला तर सगळी शोभा जाते. घेर २७.५ मिलिमीटर असेल तर चार टोकं, प्रत्येक टोक ६.९ मिलिमीटर रुंद, आणि चढाचे दोन मिलिमीटर वेगळे, कोरे किंवा पुढच्या टोकाच्या सुरुवातीने भरलेले. हा हिशोब करून काठाची पट्टी १८ मिलिमीटर उंचीची वेगळी छापली आणि रॅपच्या पुढच्या कडेशी, पिसांच्या पुढे बसवली. तिथे जाडी ठरलेली असल्याने टोकं नीट जुळतात. पूर्ण रॅपभर नक्षी केली असती तर उतारामुळे मागे जुळली असती आणि पुढे फाटली असती.

रंग छापून घेऊ नका. छापलेला राणी कलर मातकट आला. दुकानात राणी कलरचं तयार कास्ट व्हिनाइल मिळतं, त्याचा तजेला छपाईला येत नाही. म्हणून खाली तयार राणी रंगाचा रॅप आणि वर फक्त काठाची छापील पट्टी.

रंग माळावर नेऊन तपासले. पिवळा आणि पांढरा वाळल्या कुसळात विरून जातात. नारिंगी बरा. लाल दुपारी दिसतो, संध्याकाळी काळा पडतो. राणी सगळ्यात लांबून ओळखू आला. पावसाळ्यातल्या हिरव्या गवतातही तो चालेल, कारण आमच्याकडे त्या रंगाचं दुसरं काही उगवत नाही.

२८ डिसेंबर

रात्रीची चाचणी. थंडी चांगली होती, माळावर कोणी नव्हतं. बाण मुद्दाम गवतात वेगवेगळ्या कोनांत खुपसून ठेवले. पट्ट्या तीन जागी: नॉकजवळ, पिसांच्या मधे, पिसांच्या पुढे.

पहिल्या फेरीत निराशा झाली. मी बॅटरी कमरेजवळ धरून चालत होतो आणि पट्ट्या मंद दिसत होत्या. सोबत आलेल्या आठवीतल्या मुलीच्या कपाळावर शेतात पाणी द्यायला जाताना लावतात ती हेडलाइट होती. ती म्हणाली, "सर, मला तर सगळे दिसायलेत." काचमण्यांची शीट उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते. दिवा डोळ्यांच्या शेजारी असेल तरच तो उजेड डोळ्यांत येतो. कमरेजवळच्या बॅटरीचा उजेड कमरेकडेच परत जातो. हेडलाइट लावल्यावर माळाच्या दुसऱ्या कडेवरूनही पट्टी ठिणगीसारखी दिसली.

चंदेरी पट्टी सर्वात तेज. पिवळी त्याखालोखाल. लाल आणि हिरवी निम्म्यानेही नाही. सजावटीसाठी रंगीत पट्टी घ्यायचा मोह होतो, पण शोधायचं असेल तर चंदेरीच.

जागेचं म्हणाल तर नॉकजवळची पट्टी जिंकली. गवतात घुसलेल्या बाणाचं शेवटचं बोटभर शेपूटच बाहेर राहतं. पिसांच्या मधली पट्टी पिसांच्या सावलीत जाते, पुढची पट्टी गवताखाली. नॉक आणि पिसांच्या मधे साधारण इंचभर जागा आपण बोटांसाठी सोडतोच. तिथे १२ मिलिमीटरची पट्टी अगदी बसते आणि बोटांना लागत नाही. वजन फक्त ०.१ ग्रॅम.

आणखी एक लक्षात आलं. नेम धरला त्या जागेवरून सरळ बाणाच्या दिशेने चालत गेलं तर पट्टी कमी चमकते, कारण बाण आपल्याकडे पाठ करून असतो आणि पट्टीवर उजेड अगदी तिरका पडतो. थोडं बाजूला जाऊन आडव्या अंगाने पाहिलं की लख्ख दिसते. मुलांना आता तसंच शिकवलंय: आधी बाजूला जायचं, मग वळून पाहायचं.

५ जानेवारी २०२५

पिसं चिकटवली. लाकडावर मी जे रबरी सोल्युशन वापरतो त्याने व्हिनाइलला सुरकुत्या पडल्या. त्यातला सॉल्व्हंट व्हिनाइल मऊ करतो, सोल्युशन वाळताना आकसतं आणि खालचा रॅप ओढून घेतं. फेविक्विकसारखा सुपरग्लू मात्र उत्तम धरतो. पिसाच्या देठावर अगदी बारीक रेघ, जिगमध्ये (पीस धरून ठेवायच्या साच्यात) दाबून अर्धा मिनिट, आणि दोन्ही टोकांना एकेक थेंब. जास्त घातला तर बाहेर येऊन रॅपवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं.

रॅप चढवल्यावर एक दिवस थांबा, मग पिसं. गोंद पूर्ण बसायला तेवढा वेळ लागतो.

शिवणीची जागा आधी ठरवा. बांबूच्या धनुष्याला बाण हाताच्या मुठीवरून जातो. वेगळ्या रंगाचं पीस बाहेरच्या बाजूला आणि बाकी दोन पिसांच्या मधली जागा मुठीकडे. शिवण त्या जागेत आली तर तिची कड दर वेळी बोटाला घासते. म्हणून शिवण वेगळ्या रंगाच्या पिसाच्या शेजारी, वरच्या अंगाला ठेवली. पिसाच्या देठाखाली शिवण येऊ देऊ नका, देठ तिथे उचललेला राहतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून मुलं मैदानावर आली. आमचा बट म्हणजे कडब्याच्या पेंढ्या आवळून बांधलेला थप्पा, पुढे बारदान. मोठ्या मुलांचे बाण त्यात पिसांपर्यंत जातात. दोन-तीन फेऱ्यांतच काठाच्या पट्टीची पुढची कड उचलली. ज्वारीच्या धांड्यांच्या चिरलेल्या कडा धारदार असतात, बाण आत जाताना त्या रॅपखाली शिरतात. एका बाणाचा काठ तर निम्मा सोलून निघाला.

उपाय जुनाच आहे, पिसाचा पुढचा देठ दोऱ्याने बांधतात तो. रॅपच्या कडेवर, अर्धा दोरा रॅपवर आणि अर्धा काडीवर येईल असे रेशमी दोऱ्याचे शेजारी शेजारी वेढे घेतले, सहा मिलिमीटरभर. शेवटचं टोक फासाने आत ओढून घेतलं. त्यावर लॅकरचे दोन हात. सोनेरी दोरा घेतला तर काठालाही शोभतो. पिसांच्या पुढच्या देठांना तसेच चार-चार वेढे दिले, त्यामुळे हातावर ओरखडे येणंही थांबलं. एका बाणाला वीस मिनिटं लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर कडब्यात कितीही आत गेला तरी कड उचललेली नाही.

२ फेब्रुवारी

पुन्हा सोनाराकडे. राणी रॅप, काठाची पट्टी आणि नॉकजवळची चंदेरी पट्टी मिळून ०.५५ ग्रॅम, साडेआठ ग्रेन. एफओसी ९.५. दोऱ्याचं वजन काट्यावर जेमतेम दिसलं. ३० मीटरवर गट जिथे पडायचा तिथेच पडतो. पॉइंट १२५ चाच ठेवला.

२० एप्रिल

ऊन चढलं. बाण मुद्दाम दुपारभर मोटारसायकलच्या पत्र्याच्या डिकीत ठेवले. बाहेर ४१ अंश, डिकीत हात लावता येत नव्हता.

स्वस्त व्हिनाइल आकसलं. शिवण अर्धा मिलिमीटर मागे सरली आणि मोकळ्या झालेल्या गोंदाच्या रेघेवर काळ्या मातीची धूळ बसली, आता ती काही केल्या निघत नाही. कास्ट व्हिनाइल जसं होतं तसं. चमकणाऱ्या पट्टीची कड एका बाणावर किंचित सरकली, बाकीच्या ठीक. तीस रुपये वाचवून उन्हाळ्यात सगळं परत करायचं, हा सौदा मराठवाड्यात परवडत नाही.

११ मे

सुट्टीत खराब पिसं बदलली. रॅपचा खरा फायदा इथे कळला. हेअर ड्रायरने रॅप कोमट करायचा, पुढचा दोरा कापायचा, आणि रॅप काडीला लगटून हळूहळू मागे सोलायचा. पिसांसकट अख्खा रॅप एका तुकड्यात निघतो. आधी हेच काम ब्लेडने खरवडून करायचो आणि काडीला ओरखडे पडायचे. सरळ वर ओढू नका, बांबूचे तंतू सोबत उठतात. एका काडीवर सीलरही निघाला, तिथे सीलरचा हात पातळ पडला होता. कार्बनच्या बाणांचे रॅप लोक उकळत्या पाण्यात धरून काढतात. बांबूला ते करू नका, काडी पाणी पिऊन वाकते.

चंदेरी पट्टी रॅपखाली न घालता थेट काडीवर लावली आणि रॅप तिच्या पुढून सुरू केला, त्यामुळे पिसं बदलताना तिला हात लावावा लागला नाही.

१८ मे

स्पर्धेसाठी मापं. वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात काडीची जाडी ९.३ मिलिमीटरपर्यंत चालते. रॅपमुळे वाढलेली जाडी धरत नाहीत, पण रॅप नॉकच्या खाचेपासून २२ सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. माझा रॅप १५ सेंटिमीटरच्या आत संपतो. एका खेळाडूने एका फेरीत वापरलेले सगळे बाण दिसायला सारखे हवेत, म्हणजे निम्म्या बाणांना राणी आणि निम्म्यांना नारिंगी हे चालत नाही. बाणावर नाव किंवा आद्याक्षरंही लागतात. ती मी काठाच्या पट्टीतच छापून घेतो, पेनने लिहिलेली घामाने पुसली जातात. इंडियन राउंडला, म्हणजे बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धेला, मुलांना नेणाऱ्यांनी चंदेरी पट्टी आधी पंचांना दाखवून घ्यावी.

दोन डझन बाणांचा खर्च: राणी कास्ट व्हिनाइल ११०, काठाची छपाई १४०, चमकणारी शीट एक फूट १२०, कटिंग १५०, सीलर २२०, सुपरग्लू ६०, रेशीम ४०. एकूण ८४०, म्हणजे बाणामागे ३५ रुपये. वाया गेले ते वेगळे: ट्रॉलीची पट्टी ९०, स्वस्त व्हिनाइल ८०, पोपटांची शीट १४०, जास्तीची चमकणारी शीट १२०.

दुकानात देण्यासाठी चिठ्ठी अशी लिहा: कास्ट व्हिनाइल, राणी, उंची १२७ मिलिमीटर, रुंदी मागे २८.४ पुढे २९.६, नग १२. जाड काड्यांसाठी दोन्ही रुंदीत अर्धा मिलिमीटर जास्त, नग १२. चमकणारी चंदेरी शीट, १२ बाय २९ मिलिमीटर, नग ३०. चंदेरीचे सहा नग जास्तीचे घ्या, कारण ती सोडवताना तुटते.